सवलतीपलीकडे

बौद्धिक दिव्यांगांच्या प्रवासाचा प्रश्न तिकिटातील सवलतीने सुटतो, असा शासनाचा समज दिसतो. परंतु गर्दी, गोंगाट आणि ऐनवेळी बदललेला फलाट यांमुळे भांबावणाऱ्या तरुणाला सवलतीपेक्षा विश्वासू सोबत हवी असते. ही सोबत बहुधा आई करते आणि त्यापायी स्वतःची मजुरी गमावते. समाजाने तिच्यावर लादलेला हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. दिव्यांग हक्क कायदा, 2016 चे 41 वे कलम सवलतींबरोबरच वाहनांत फेरबदल आणि प्रवासात व्यक्तिगत साहाय्य यांच्याही योजना आखण्यास सांगते. त्यांतील सर्वांत सोपे तेवढेच उचलून कर्तव्य संपत नाही. प्रशिक्षित सोबतीसह सुरक्षित सार्वजनिक वाहन पुरविणे हा दयेचा नव्हे, न्याय्य वाटपाचा प्रश्न आहे.