गालांवरच्या रंगाची पारख

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखानदारीच्या पट्ट्यात रंगाची जितकी काटेकोर पारख रोजच्या रोज होते, तितकी अन्यत्र क्वचितच होत असेल. मोटारीचा सांगाडा पत्र्याचा आणि बंपर प्लास्टिकचा. दोहोंना रंग अनेकदा निरनिराळ्या ठिकाणी चढतो, आणि एकत्र आल्यावर त्यांत तसूभरही तफावत दिसू नये म्हणून तपासणीस ते दिवसाच्या उजेडाशी मिळत्या अशा प्रमाणित दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवून, कोन बदलून, पुनःपुन्हा न्याहाळतात. कारण एका दिव्याखाली जुळलेले दोन रंग दुसऱ्या दिव्याखाली फटकून वागू शकतात, हे त्यांना पुरते ठाऊक असते. अशा गावात राहणाऱ्या, आणि पुष्कळदा त्याच कारखान्यांत राबणाऱ्या मुलींना स्वतःच्या गालांसाठी ब्लश घेताना मात्र दुकानाच्या निळसर पांढऱ्या दिव्याखाली, मनगटावर एक रेघ ओढून, अर्ध्या मिनिटात निर्णय करावा लागतो, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

या परिसरातील स्त्रियांच्या नोकरीचा आणि देशी प्रसाधनांचा इतिहास एकाच उद्योगसमूहाशी निगडित आहे. परदेशी प्रसाधनांपायी परकीय चलन खर्च होऊ नये या हेतूने १९५२ साली टाटा ऑईल मिल्सच्या छत्राखाली ‘लॅक्मे’ निघाली. आणि १९७४ साली त्याच समूहातील टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असा मजकूर वाचून सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढील काळातील सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्डाने हरकत कळविली, त्यांची पुण्यात रीतसर मुलाखत झाली आणि त्या रुजू झाल्या. आज त्याच कंपनीच्या पुणे प्रकल्पात हॅरिअर आणि सफारी या गाड्यांच्या जुळणीची ओळ स्त्रिया चालवितात. विदर्भ-मराठवाड्यातून, खानदेशातून येथे आलेल्या या मुलींपैकी बहुतेकींचा वर्ण गव्हाळ किंवा सावळा. आणि दुकानात त्यांच्यापुढे प्रथम येते ती फिक्या गुलाबी रंगाची डबी, कारण गुलाबी गाल म्हणजे गोरे गाल ही जुनी समजूत विक्रेत्याच्या मनातून अद्याप हद्दपार झालेली नाही. ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली आपले नाव बदलले, फळीवरच्या मालाची निवड मात्र तितक्या सहजी बदलत नाही.

फिका गुलाबी रंग सिद्ध करताना त्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे शुभ्र रंगद्रव्य बहुधा सढळ हाताने पडते, आणि सावळ्या त्वचेवर तेच राखेसारखे उमटून चेहऱ्याला आजारीपणाची छटा देते. म्हणून सावळ्या वर्णाने विटकरी, डाळिंबी, आमसुली, जांभळट अशा गडद छटांना भिऊ नये; डबीत उग्र भासणारी डाळिंबी छटा सावळ्या गालावर विरळ पसरली की आतून आल्यासारखी दिसते. गव्हाळ वर्णाला गेरूकडे झुकणारा तांबूस किंवा जर्दाळूचा रंग शोभतो. मार्गदर्शक हवाच असेल तर तो स्वतःच्या रक्तात आहे: भराभर चार जिने चढून आल्यावर खिडकीपाशी आरसा धरावा आणि गालांवर जी छटा उमटली असेल तिच्या जवळची निवडावी, सावळ्या वर्णात ती पुसट असते, तेव्हा ओठांच्या आतल्या बाजूचा रंग पाहावा.

चकाकीविषयीही मोटारीकडून शिकण्यासारखे आहे. मोत्यासारखी झळाळणारी गाडी आणि चमकदार ब्लश या दोहोंत टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेले अभ्रकच बहुधा असते. गुळगुळीत पत्र्यावर ते खुलते. पण मुरुमांचे व्रण किंवा मोठी रंध्रे असलेल्या गालावर तेच प्रत्येक खळगा उठावदार करून दाखविते, म्हणून अशा त्वचेने चकाकी वर्ज्य करून मंद, सपाट रंगच घ्यावा.

लावण्याची रीत साधी आहे. ब्रशवरची जादा भुकटी झटकून टाकावी, नाकापासून दोन बोटे अंतर सोडून गालाच्या हाडाच्या उंचवट्यावरून कानशिलाकडे ब्रश हलक्या हाताने न्यावा, आणि एका दाट थराऐवजी दोन विरळ थर द्यावेत. आपल्याकडे दुचाकीवर निघताना मुली डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळतात आणि नुसती भुकटी त्या कापडावरच निघून जाते. तेव्हा कोरड्या त्वचेवर आधी क्रीम ब्लश बोटांच्या टोकांनी थोपटून मुरू द्यावा आणि वर भुकटीचा अगदी पातळ थर द्यावा. तेलकट त्वचेला क्रीम सोसत नसेल तर डबी पर्समध्ये ठेवून मुक्कामी पोहोचल्यावरच लावणे बरे. पेंट शॉपमधल्या मुलींनी कामावर जाताना याच्या वाटेला जाऊ नये, कारण प्रसाधनांतल्या सिलिकोनचा अंशही ओल्या रंगात पडला तर तेथे खड्डा पडतो. त्यांची हौस सुट्टीच्या दिवसाची, आणि तिला कोणी नाके मुरडू नयेत.

नव्या डबीतला थोडा रंग कानामागे लावून एक दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आल्यास तो नामंजूर करावा. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत हा तपशील नसेल, तर भाव कितीही उतरलेला असो, पदपथावरचा माल उचलू नये, कारण त्वचा बिघडल्यावर तक्रार कोणाविरुद्ध करावयाची हाच प्रश्न उरतो.

दुकानदारांना माझी विनंती एवढीच की त्यांनी एक आरसा दाराशी, उजेडात लावावा, नमुन्याची डबी स्वच्छ काडीने वापरू द्यावी, आणि गिऱ्हाइकाला गालावर रंग लावून पाच मिनिटे रस्त्यावर उभे राहून येण्याची मुभा द्यावी. यात त्यांचा खर्च नगण्य आहे. आणि महिन्याच्या पगारातून काटकसरीने काढलेले तीन-चारशे रुपये घेऊन आलेल्या मुलीला, तिच्याच हातून जुळलेल्या गाडीच्या बंपरला मिळते तेवढी तरी पारख मिळालीच पाहिजे.