रांगेच्या आधीचे रक्त

११ जुलै २००६ ची सायंकाळ आपल्या उपनगरांतील कुटुंबे विसरलेली नाहीत. पश्चिम रेल्वेच्या प्रथम वर्गाच्या डब्यांत, माटुंगा रोडपासून मीरा रोडपर्यंत, अवघ्या ११ मिनिटांत ७ स्फोट झाले. दुकान-पेढीचे काम आटोपून घरी परतणारी माणसे त्या डब्यांत होती. त्यानंतर रुग्णालयांच्या दारी रक्तदात्यांच्या रांगा लागल्या. त्या माणुसकीला वंदन करूनही एक गोष्ट सांगावी लागते : रांगेतील दात्याचे रक्त त्याच घटकेस जखमीला चढवता येत नाही. एचआयव्ही, ब व क कावीळ, सिफिलिस, मलेरिया यांच्या तपासण्या आणि घटक वेगळे करणे यांत काही तास जातात. तोवर प्राण वाचवते ते कुणीतरी आधीच दिलेले रक्त.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. २४ तासांत साधारण तेवढे, म्हणजे सुमारे १० पिशव्या रक्त द्यावे लागले, तर त्यास अतिप्रमाण रक्तसंक्रमण म्हणतात. अपघातात आणि बाळंतपणातील रक्तस्रावात ही वेळ येते. अशा वेळी पिशवीमागून पिशवी लावून भागत नाही. साठवणीत रक्त गोठू नये म्हणून घातलेले सायट्रेट रुग्णाच्या रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते आणि हृदय क्षीण होते. जुन्या तांबड्या पेशींतून पाझरलेले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते. शीतकपाटातील रक्ताने शरीर गार पडते, आणि गार शरीरात रक्त नीट गोठत नाही. नुसत्या तांबड्या पेशी दिल्या, तर गोठवणारे घटक विरळ होऊन जखम वाहतच राहते.

म्हणून डॉक्टर रक्त कोमट करून देतात, कॅल्शियम पुरवतात, पोटॅशियम वारंवार तपासतात. तांबड्या पेशी, प्लाझ्मा व प्लेटलेट जवळपास समप्रमाणात देतात. अपघातानंतर ३ तासांच्या आत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडही देतात. मुख्य म्हणजे, रक्त जेथून वाहते ती जागा शस्त्रक्रियेने बंद करतात.

आता साठ्याचा हिशेब पाहावा. गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर टिकतो, तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस, प्लेटलेट मात्र केवळ ५ दिवस. मालाची मुदत ओळखणाऱ्या व्यापाऱ्यास अधिक सांगणे नलगे. महावीर जयंतीच्या शिबिरात सर्वांनी एकाच दिवशी रक्त दिले, तर चैत्रातल्या त्या तांबड्या पेशी आषाढापर्यंत उरत नाहीत.

तेव्हा शिबिर अवश्य भरवावे. परंतु कुटुंबांनी वर्षाचे महिनेही आपसांत वाटून घ्यावेत. वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो व हिमोग्लोबिन किमान १२.५ असलेल्या निरोगी पुरुषास दर ३ महिन्यांनी आणि स्त्रीस दर ४ महिन्यांनी रक्त देता येते. उपवासात मात्र देऊ नये. पारणे होऊन शक्ती भरून आल्यावर द्यावे. संकटाच्या रात्री लागणारे रक्त संकटापूर्वीच्या एखाद्या साध्या दिवशी दिलेले असावे लागते.