मोटारीला मज्जाव

अमेरिकेच्या उत्तर सीमेवर, मिनेसोटा राज्याच्या माथ्यावर, दहा लाख एकरांहून मोठे एक अरण्य आहे. त्यात हजारावर तळी आहेत आणि तळ्यांना जोडणारा गाडीरस्ता नाही. एका तळ्याचे टोक आले की होडी उलटी करून खांद्यावर घ्यायची, सामान पाठीला लावायचे आणि झाडीतल्या पायवाटेने पुढच्या तळ्यापर्यंत चालायचे. या चालीला तिकडे पोर्टेज म्हणतात, आणि तिचे अंतर 'रॉड'मध्ये मोजतात. रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका होडीची लांबी. या प्रदेशाचे नाव बाउंडरी वॉटर्स. सीमेपलीकडे कॅनडात त्याला लागूनच क्वेटिको नावाचे तसलेच अरण्य आहे. मी मिनियापोलिसला राहतो आणि गेली वीस वर्षे तिकडे जातो. उन्हाळ्यात जातो तसा हिवाळ्यातही जातो.

आता ज्यासाठी लिहावयास बसलो ते सांगतो. या अरण्यातल्या पाण्याच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागावर मोटारीच्या होडीला बंदी आहे. आमच्या ओळखीतले एक सद्गृहस्थ, आपल्यापैकीच, दर गणेशोत्सवात आरती झाली की हा विषय काढतात. "हे कसले निसर्गप्रेम? हे सोवळे आहे सोवळे! म्हातारी माणसे, बायका, लहान मुले यांनी ती तळी पाहूच नयेत की काय?" मोदक खात असलेली मंडळी माना डोलावतात. माझे एकट्याचे तेवढे पित्त खवळते.

सोवळे म्हणजे काय हे आपण मराठी माणसांना तरी कोणी शिकवावयास नको. सोवळे माणसाला दाराबाहेर उभे करते, आणि तेही त्याचा जन्म विचारून. येथे माणसाला कोणी अडवीत नाही. अडवतात ते त्याच्या यंत्राला. जोडे बाहेर काढून ठेवा असे देवळात सांगितले, तर त्याला आपण विटाळ म्हणतो का?

सद्गृहस्थांना वाटते ही बंदी म्हणजे शहरी हौशी लोकांचे आजकालचे खूळ. तसे नाही. सुपीरियर नावाचे सरकारी जंगल येथे 1909 साली झाले. पुढे जलविमाने आली. ईली हे एवढेसे गाव, पण दुसऱ्या महायुद्धानंतर ते जलविमानांचे मोठे ठाणे होऊन बसले. न्याहारी गावात करावी आणि तासाभरात आतल्या तळ्यावर गळ टाकावा, अशी चैन सुरू झाली. जी माणसे तीन दिवस वल्हवीत त्या तळ्यावर पोचत, त्यांच्या डोक्यावरून विमान घरघरत जाई. अखेर 1949 च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी हुकूम काढून समुद्रसपाटीपासून 4,000 फुटांखाली येथे विमान उडवण्यास मनाई केली. मोटारींवरची मोठी बंदी 1978 च्या कायद्याने आली. त्याच कायद्याने स्नोमोबाइलीही जवळजवळ सगळीकडून हटवल्या.

बायकांचे काय, असे विचारणाऱ्यांना मी डॉरोथी मोल्टर या बाईंचे नाव सांगतो. शिकागोकडच्या या परिचारिका नाइफ लेक नावाच्या तळ्यातल्या बेटावर येऊन राहिल्या. रस्ता सुमारे पंधरा मैल दूर, मध्ये पोर्टेजे. विमाने बंद झाल्यावर बाटलीबंद पेये येईनाशी झाली. तेव्हा बाईंनी घरीच रूट बिअर करावयास घेतली (नावात बिअर असली तरी ती आपल्या सरबतासारखी निर्व्यसनी), आणि उन्हाळ्यात होडीवाल्यांची तेथे रीघ लागू लागली. गळ बोटात रुतलेले, पाय मुरगळलेले, सगळे त्यांच्याकडेच येत. सरकारने त्यांना उठवावयाचे ठरवले तेव्हा लोकांनी असा गिल्ला केला की शेवटी हयातभर राहण्याची परवानगी द्यावी लागली. 1986 च्या डिसेंबरात त्या वारल्या, त्याच बेटावर. त्यांची खोपटी पुढे उचलून ईलीत आणली; तेथे आता संग्रहालय आहे.

आणि अपंगांचे नाव पुढे करून मोटार मागणाऱ्यांनी 'वाइल्डरनेस इन्क्वायरी' या मिनेसोटातल्याच संस्थेचे काम पाहावे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस, नेमका हाच वाद पेटलेला असताना, काही तरुण चाकाच्या खुर्चीतल्या आणि बहिऱ्या सोबत्यांना घेऊन होड्यांतून या अरण्यात गेले. त्यातून ही संस्था उभी राहिली. ज्यांच्या नावाने दुसरेच ओरडत होते, ते स्वतः वल्ही मारीत पुढे गेले होते!

माझा खरा मुद्दा आवाजाचा आहे. संध्याकाळी वारा पडला की पाणी काचेसारखे होते, आणि पलीकडच्या काठावर कोणी भांडे खाली ठेवले तरी ऐकू येते. लून पक्षी एका तळ्यावर ओरडतो आणि दुसऱ्या तळ्यावरून त्याला उत्तर मिळते. मी वल्हे मारले तर शेजाऱ्याचे काही जात नाही. एकाने मोटार लावली की त्या तळ्यावरच्या सगळ्यांची संध्याकाळ गेली. हिशेब एवढा सरळ आहे. मिनेसोटात दहा हजारांवर तळी आहेत, त्यांतल्या बहुतेकांवर मोटारी खुशाल फिरतात. या अरण्यातही उरलेल्या चौथ्या हिश्शावर लहान मोटार चालते. मग भांडण नेमके या शांत पाण्यासाठीच का? पंढरपूरला एस.टी. जाते म्हणून वारीच्या वाटेवर मोटारी घाला, असे कोणी म्हणत नाही. (जूनमधल्या डासांना मात्र ही बंदी कोणी कळवलेली नाही. ते आपली मोटार लावूनच फिरतात.)

यांत्रिक मंडळींचा आणखी एक आक्षेप असा, की यंत्राविना हे अरण्य वर्षातले सहा महिने कुलूपबंद राहते. हे म्हणणाऱ्याने जानेवारी पाहिलेला नाही. उन्हाळ्यात जेथे दलदलीमुळे पाऊल घालता येत नाही, तेथून हिवाळ्यात सरळ चालत जाता येते. दोन फूट जाडीच्या बर्फाला भोक पाडून लोक ट्राउट मासे धरतात, स्कीवरून ढोपरभर हिम तुडवतात, कुत्र्यांच्या गाड्या हाकतात. कुत्री जुंपेपर्यंत आकाश डोक्यावर घेतात आणि गाडी सुटताच एकदम गप्प होतात. मग गाडीच्या धावपट्ट्यांची सरसर तेवढी उरते. रात्री तळ्याचे बर्फ तडकते तेव्हा तळातून कोणी नौबत वाजवावी तसा नाद काठाकाठाने फिरतो. थंडी थट्टेची नाही. जवळच्याच टॉवर गावी 2 फेब्रुवारी 1996 रोजी पारा फॅरनहाइटच्या उणे 60 अंशांवर, म्हणजे सेल्सिअसच्या उणे 51 वर उतरला होता. पण तंबूत चूल पेटवून, दोन दुलया घेऊन तेथे माणसे आनंदाने झोपतात. मी झोपलो आहे.

या बंदीची किंमत मात्र कोणाला द्यावी लागली, हे लपवून वाद जिंकण्यात मला गोडी नाही. सरोवरांकाठी विश्रामगृहे चालवणाऱ्या कुटुंबांना ती सरकारला विकून उठावे लागले. सिगर्ड ओल्सन हे ईलीतच राहणारे, तेथल्याच पोरांना शिकवलेले लेखक. बंदीच्या बाजूने बोलले म्हणून 1977 साली, वयाच्या 78 व्या वर्षी, त्यांच्या प्रतिमेला गावाने फाशी दिली. तो राग निव्वळ मूर्खपणाचा नव्हता. आणि ओजिब्वे लोकांचे दुःख तर त्याहून जुने. पोर्टेजच्या वाटा त्यांच्या, बर्चच्या सालीची होडी त्यांची. हेगमन तळ्यावरच्या कड्यावर गेरूने काढलेली माणसे नि सांबरे त्यांच्याच पूर्वजांची मानतात. त्यांचे 'मनूमिन' भादव्याच्या सुमारास पिकते. दोन काठ्यांनी ते होडीत झोडून घेतात, निम्मे पाण्यात सांडते, तेच पुढचे बी. आपण ऋषिपंचमीला देवभात शोधतो त्याची आठवण व्हावी. अशा लोकांची क्वेटिकोतली राखीव जमीन 1915 साली रद्द झाली. ऑन्टॅरियो सरकारने त्याबद्दल माफी मागितली ती 1991 मध्ये. आज लाक ला क्रुआच्या ओजिब्वे वाटाड्यांना तेथील काही तळ्यांवर लहान मोटारीची सवलत आहे. तिला माझा पाठिंबा आहे. ज्याचे घर तेथे आहे त्याची गरज आणि माझ्यासारख्या पाहुण्याची सोय यांना एका मापाने मोजण्यास मी तयार नाही.

आमचे सद्गृहस्थ पाहुणेच आहेत. त्यांना परवान्याचीही धास्ती वाटते. मे ते सप्टेंबर मुक्कामाच्या जागा ठरावीक असतात, टोळीत नऊच माणसे चालतात, डबे आणि काचेच्या बाटल्या नेता येत नाहीत, हे सगळे खरे. पण उरलेले सात महिने वाटेच्या तोंडाशी ठेवलेल्या कागदावर आपल्या हाताने नाव लिहायचे आणि आत जायचे; पैसाही पडत नाही. गेल्या मार्गशीर्षात मी तसला एक कोरा कागद त्यांच्या घरी नेऊन दिला. तो अजून त्यांच्या फ्रीजवर चिकटवलेला आहे.