सूर हवा, माणूस नको!

दिवाळी अंकात कडू लिहू नये असा संकेत आहे. पण कारल्यालाही फराळाशेजारी कधी जागा द्यावी लागते!

गणपती विसर्जनाच्या रात्री आमच्या तळ्यात एका सद्‌गृहस्थांशी माझा वाद झाला. ते म्हणाले, "आदिवासींच्या गाण्यात गिटार आणि ड्रम घालून हल्लीच्या पोरांनी त्याची माती केली, गुरुजी! ते शुद्धच राहिले पाहिजे."

शुद्ध? आमची हार्मोनियम युरोपातून आली. नभोवाणीने १९४० पासून तीस वर्षे तिला बंदी घातली, तरी भजनी मंडळींनी तिला सोडले नाही. आम्ही परक्यांची पेटी घेतली तर तो विकास, आणि वाडीवरच्या पोराने गिटार घेतली तर तो भ्रष्टाचार! हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला यिरकला नावाचे गाव आहे. तिथले मंडावुई युनुपिंगू हे योल्ङु आदिवासी १९९० साली गावच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. माझ्याच पेशातला माणूस! 'योथू यिंदी' या त्यांच्या वाद्यवृंदात आदिवासी आणि गोरे एकत्र होते. १९९१ साली त्यांनी 'ट्रायबल व्हॉइस' हा गीतसंग्रह काढला. त्यात पूर्वजांच्या टिपऱ्या आणि लांब लाकडी फुंकवाद्य यांच्या जोडीला रॉकची गिटार आहे. त्यातले 'ट्रीटी' हे गाणे म्हणजे उघड तगादा होता. पंतप्रधान हॉक यांनी १९८८ साली आदिवासींशी करार करण्याचे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही.

गंमत पुढेच आहे. मूळ गाणे फारसे खपले नाही. मग इतरांनी नाचघरांसाठी त्याची नवी आवृत्ती केली. तिच्यातून तगाद्याची इंग्रजी कडवी बहुतांशी गळाली, आणि ती धडाक्याने खपली! योल्ङु भाषा घराघरात पोचली हे खरे. पण सूर हवा आणि तक्रार नको, हा जगाचा स्वभावही उघडा पडला.

आपल्याकडेही असे गाणे झाले. २०१९ साली मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅप गाणाऱ्या तरुणांनी आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह 'द वारली रिव्होल्ट' काढले. जंगल आणि जमीन जाण्याचे दुःख त्यात ज्याचे त्याने, स्वतःच्या नावानिशी सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत दोन हजारांहून अधिक झाडे पडली. आता सांगा, माती कोणी केली? गिटारीने की करवतीने?

माझे म्हणणे एवढेच आहे. मिसळण्यात पाप नाही. गाणाऱ्याचे नाव पुसून तिथे 'पारंपरिक' लिहिणे, त्याचा वाटा बुडवणे आणि आपल्याला बोचणारे कडवे गाळणे, हे पाप आहे.

या पापात मीही आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा मी 'आदिवासी नृत्य' बसवले. दुकानदारांच्या मुली कागदी पानांचे घागरे घालून नाचल्या. टाळ्या कडाडल्या. कातकरीवाडीवरची एक मुलगी सतरंजीवर बसून सारे पाहत होती. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारले, "गुर्जी, आमी असं कवा नाचतो?"

मला उत्तर सुचले नाही. तिलाच आधी विचारावे, हे मला सुचलेच नव्हते.

दिवाळीची सुटी संपली, शाळा भरली. हजेरीपटावर तिच्या नावापुढे रोज गैरहजेरी पडू लागली. आईबापांबरोबर ती वीटभट्टीवर गेली होती. शुद्ध गाण्याच्या कैवाऱ्यांनो, गाणे तुम्ही खुशाल जपा. पण ते जिच्या घरचे, ती पोर वर्गात परत कधी यायची, तेवढे आधी सांगा!