समुपदेशक बदलला की पोरगं पुन्हा गप्प

टेलिमानसचा 14416 हा मोफत नंबर ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. पण घरातली आत्महत्या, अपघात किंवा अत्याचार सोसलेल्या मुलांना एका फोनने भागत नाही.

मुलांसाठीच्या प्रचलित ट्रॉमा थेरपीत साधारण 12 ते 16 बैठका लागतात. सुरुवातीच्या बैठका भरवसा बसण्यातच जातात. "काय झालं ते सांग" असा तगादा लावला की मूल मिटतं. माणूस तोच आहे, ऐकलेलं गावभर होत नाही, हे पटलं की बोलायला लागतं.

घोडं इथंच अडतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली बरीच पदं कंत्राटी. माणूस बदलला की पोराला तीच जखम नव्याने उघडावी लागते. शिवाय जिल्ह्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी बुडाली.

गुप्ततेलाही मर्यादा आहे. 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं. हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही, तर मुलाला दगा झाल्यासारखं वाटतं.

म्हणून नुसती पदं भरून चालणार नाही. उपचार संपेपर्यंत समुपदेशक तोच राहील, अशी सोय करावी लागेल.