उडवलं, पण नेमकं कुठून?

‘ते कधीच डिलीट केलंय’ हे वाक्य ऑफिसात फार खात्रीनं बोललं जातं आणि ते तपासायला सहसा कोणी जात नाही. मी जाते, कारण मला पगार त्याचाच मिळतो. पुण्यातल्या एका बांधकाम कंपनीच्या प्रोजेक्ट ऑफिसमध्ये मी सर्व्हर सांभाळते. कंपनी पाण्याच्या टाक्या, जलवाहिन्या, पंपघरं बांधते. कोणतं काम कुठवर आलं, त्यावर कोण माणूस आहे, त्याचे तास किती, खर्च किती, हे सगळं मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट सर्व्हरवर असतं.

सोलापूरकडच्या एका टाकीचं काम सुरू होऊन थोडं पुढे गेलं आणि रद्द झालं. आमच्या प्लॅनरनं ते यादीतून काढून टाकलं. पुढच्या मासिक आढाव्यात ते काम पडद्यावर होतंच, तेही लाल रंगात, म्हणजे उशीर झालेलं. त्याच्या पुढच्या आढाव्यात उशीर आणखी वाढला. साहेबांनी विचारलं, “जे काम आपण करतच नाही, ते दर महिन्याला आणखी उशिरा कसं काय होतं?” प्लॅनर माझ्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, मी स्वतः उडवलंय. माझ्या यादीत नाहीये ते. दाखवू का?” त्यानं लॅपटॉप फिरवून दाखवलंही. त्याच्या यादीत नव्हतं आणि साहेबांच्या अहवालात होतं. खोटं कोणीच बोलत नव्हतं.

असं कसं होतं ते समजायला या प्रणालीची मांडणी बघावी लागते. २०१० च्या आवृत्तीत प्रकल्पाची माहिती चार वेगळ्या डेटाबेसमध्ये राहायची: ड्राफ्ट, पब्लिश्ड, आर्काइव्ह आणि रिपोर्टिंग. प्लॅनर ‘सेव्ह’ करतो तेव्हा माहिती ड्राफ्टमध्ये जाते. ‘पब्लिश’ केलं की पब्लिश्डमध्ये, म्हणजे टीममधल्या बाकीच्यांना दिसेल अशी. तिथून ती रिपोर्टिंगमध्ये उतरवली जाते आणि अहवाल, आलेख, एक्सेलचे तक्ते सगळे तिथून वाचतात. आर्काइव्हमध्ये जुन्या प्रती राखून ठेवलेल्या असतात. २०१३ पासून चारांचा मिळून एकच डेटाबेस झाला, पण आत कप्पे तेच राहिले. म्हणजे एक प्रकल्प काढायचा तर तो अनेक ठिकाणांहून काढायचा असतो, आणि एका ठिकाणाहून गेला म्हणून दुसरीकडून आपोआप जातोच असं नाही.

डिलीटच्या पानावरच हे प्रश्न विचारलेले असतात. ड्राफ्ट आणि पब्लिश्ड दोन्हींतून काढू की फक्त पब्लिश्डमधून? प्रकल्पाची जोडलेली शेअरपॉइंट साइटही काढू का? आर्काइव्हमधली प्रत तर वेगळीच काढावी लागते. घाईत कोणी हे वाचत नाही. साइटसमोरची खूण करायची राहून जाते आणि त्या कामाची ड्रॉइंग्ज, साइटवरचे फोटो, कराराच्या स्कॅन प्रती तशाच पडून राहतात. जुनी लिंक ज्याच्या मेलमध्ये आहे, त्याला त्या उघडतातसुद्धा. फक्त पब्लिश्डमधून काढलं, तर वेगळीच गंमत. दोन वर्षांनी त्याच नावाचं काम पुन्हा मिळालं की सर्व्हर म्हणतो, हे नाव आधीच आहे. प्लॅनर वैतागून नावापुढे ‘नवीन’ लावतो, पुढचा ‘फायनल’, त्याच्या पुढचा ‘फायनल २’. आमच्या यादीत अशी नावं वाचताना एखाद्या घराण्याची वंशावळ वाचल्यासारखं वाटतं.

आणि ‘ओके’ दाबल्यावरही त्या क्षणी काहीच पुसलं जात नाही. दाबल्यावर सर्व्हरच्या रांगेत, म्हणजे क्यूमध्ये, कामं लागतात. ड्राफ्टमधून काढण्याचं एक काम, पब्लिश्डमधून काढण्याचं दुसरं, रिपोर्टिंगला कळवण्याचं तिसरं. एकाच प्रकल्पाची कामं एकमेकांना बांधलेली असतात. त्यातलं एक अडलं की मागची उभी राहतात. अडलेल्या कामासमोर ‘फेल्ड अँड ब्लॉकिंग कोरिलेशन’ असा शेरा येतो, म्हणजे हे बिघडलंय आणि मागच्यांचीही वाट अडवून बसलंय. तो शेरा बघायला एक वेगळं पान आहे, पण ते प्लॅनरला दिसत नाही, मला दिसतं. त्या पानावर तारखेची चाळणी असते. जुनं अडलेलं काम शोधायचं तर तारीख मागे न्यावी लागते, नाहीतर पान स्वच्छ दिसतं आणि आपणही निर्धास्त होतो.

सोलापूरच्या टाकीचं हेच झालं होतं. ड्राफ्ट आणि पब्लिश्डमधून ती व्यवस्थित गेली होती. रिपोर्टिंगला कळवण्याचं काम अडलं होतं, कारण त्या रात्री डेटाबेसच्या लॉगची डिस्क भरली होती. डिस्क सकाळी कोणीतरी रिकामी केली, पण अडलेलं काम पुन्हा चालवायचं राहून गेलं. उपाय साधा होता: जागा आहे ना ते बघायचं, ते काम निवडायचं, ‘रिट्राय’ करायचं, मागची कामं सुटताना बघायची. मग रिपोर्टिंगमध्ये त्या प्रकल्पाचा कोड शोधून तो खरंच गेला का ते पाहायचं. अहवाल क्यूबवर, म्हणजे आधीच बेरजा करून ठेवलेल्या साठ्यावर, चालत असतील तर क्यूब पुन्हा बांधून होईपर्यंत जुना आकडा तिथे दिसत राहतो, तेवढं साहेबांना आधी सांगून ठेवायचं. शिवाय प्लॅनरच्या लॅपटॉपवरच्या कॅशमध्ये एक प्रत असू शकते, तीही साफ करायची. प्रकल्प कोणाच्या नावावर चेक-आउट, म्हणजे बदलासाठी उघडून ठेवलेला, असेल आणि तो माणूस लग्नाला गावी गेला असेल, तर आधी तो जबरदस्तीनं चेक-इन करावा लागतो. त्याशिवाय डिलीट पुढे सरकतच नाही.

बाहेरून आलेल्या सपोर्टच्या मुलानं मला यापेक्षा सोपा मार्ग सुचवला होता. “मॅडम, एसक्यूएलमध्ये जाऊन डायरेक्ट उडवू का? दोन मिनिटांत होईल.” दोन मिनिटांत होईल, हे खरं. पण एका प्रकल्पाच्या ओळी एका तक्त्यात नसतात. टास्क वेगळीकडे, माणसांच्या नेमणुका वेगळीकडे, आम्ही स्वतः वाढवलेले रकाने आणखी कुठे. एक तक्ता साफ केला की बाकीच्यांतल्या ओळी निराधार होतात आणि त्या शोधायला नंतर कुठलंच पान नसतं. अशा हस्तक्षेपाला मायक्रोसॉफ्टचा सपोर्टही नाही. मी त्याला चहा पाजला आणि पासवर्ड दिला नाही.

हे सगळं रामायण मी वर्तमानपत्रात का सांगतेय? कारण माझी तक्रार सॉफ्टवेअरबद्दल नाही. माहिती चार ठिकाणी ठेवण्यामागे कारण आहे. अहवाल काढताना प्लॅनरचं काम अडू नये, अर्धवट मसुदा सगळ्यांना दिसू नये, म्हणून ती रचना. जवळजवळ प्रत्येक मोठी प्रणाली अशीच असते. डेटाबेस स्वतःसुद्धा ओळ लगेच पुसत नाही. आधी तिच्यावर खूण करतो आणि मागून सफाई करणारी प्रक्रिया ती जागा मोकळी करते. माझी तक्रार ऑफिसच्या पद्धतीबद्दल आहे. आपल्याकडे जो बटण दाबतो, तोच ‘झालं’ असं सांगतो आणि ते तिथेच संपतं. कोणी सांगितलं होतं, का काढायचं होतं, कुठून कुठून काढायचं होतं, कुठे मुद्दाम ठेवायचं होतं, यांतलं काही कुठे लिहिलेलं नसतं.

‘मुद्दाम ठेवायचं’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. टाकीचं काम रद्द होण्याआधी आमचे दोन इंजिनिअर आणि एक सुपरवायझर तिथे राबले होते. त्यांच्या टाइमशीटमध्ये ते तास आहेत, प्रकल्प डिलीट झाल्यावरही ते तिथेच राहतात आणि राहायलाच हवेत. माणसं उन्हात उभी राहिली, त्यांना पगार दिला गेला, आणि रद्द झालेल्या कामाची भरपाई मागायची तर कागद तोच. टाइमशीटमध्ये अजून सोलापूर दिसतंय म्हणून ‘डिलीट अर्धवट झालं’ असं एका नव्या मॅनेजरनं मला कळवलं होतं आणि तेही साफ करा म्हणाला होता. मी नाही म्हटलं. जे विचार करून मागे ठेवलं ते अर्धवट नसतं. डिस्क भरली म्हणून जे मागे राहिलं, ते अर्धवट. पडद्यावर मात्र दोन्ही सारखीच दिसतात. फरक फक्त नोंदीत असतो, आणि ती नोंद आपण करत नाही.

माझे वडील जिल्हा परिषदेत नोकरीला होते. काही वर्षं ते अभिलेख कक्षात होते. तिथले गठ्ठे रुमालात बांधलेले, आणि प्रत्येक कागदाला वर्ग लावलेला: अ, ब, क, ड. अ म्हणजे कायमचा, ब म्हणजे तीस वर्षांचा, क आणि ड त्याहून कमी मुदतीचे. मुदत संपली म्हणून कोणी कागद उचलून फाडत नसे. आधी यादी व्हायची, त्यावर वरिष्ठांची सही व्हायची, मग नाश, आणि काय नष्ट केलं त्याची नोंद मागे राहायची. सरकारी कामाची आपण हवी तेवढी थट्टा करतो, मीही करते. पण कागद नष्ट करणं हेसुद्धा एक काम आहे आणि त्यालाही कोणीतरी जबाबदार असतो, ही समज त्या धुळीच्या खोलीत होती. आमच्या वातानुकूलित सर्व्हर रूममध्ये ती नाही.

आता हे टाळून चालणार नाही, कारण कायदा आला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माणसाला स्वतःची माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे. संमती मागे घेतली किंवा ज्यासाठी माहिती घेतली तो हेतू संपला की ती पुसायची आणि ज्या बाहेरच्या कंपनीकडे ती सोपवली होती तिच्याकडूनही पुसून घ्यायची, असं त्यात आहे. इतर कायद्यानं जे ठेवावं लागतं, त्याला अर्थातच अपवाद. प्रोजेक्ट सर्व्हरवर फक्त टाक्या नसतात, माणसंही असतात. नाव, मेल, तासाचा दर, रजा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव ‘रिसोर्स’च्या यादीतून काढलं म्हणजे ते रिपोर्टिंगमधून, आर्काइव्हमधून, बॅकअपमधून आणि कोणीतरी एकदा काढून मेलवर फिरवलेल्या एक्सेलमधून गेलं का? उद्या त्यानं विचारलं तर प्लॅनरचा लॅपटॉप फिरवून दाखवणं हे उत्तर होऊ शकत नाही.

त्यात घाईचे दिवस. प्रोजेक्ट सर्व्हरच्या २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांच्या सपोर्टची अखेर १४ जुलै २०२६ ही आहे, आणि प्रोजेक्ट ऑनलाइन ही सेवा ३० सप्टेंबर २०२६ ला बंद करण्याचं मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं आहे. त्या तारखा पुढे ठेवून ठिकठिकाणी स्थलांतराचे बेत होतात. सल्लागार कंपन्या ‘सगळा डेटा जसाच्या तसा नेऊ’ असं अभिमानानं सांगतात. जसाच्या तसा म्हणजे रद्द झालेल्या टाक्या, ‘फायनल २’, सोडून गेलेली माणसं आणि बेवारस साइट्स, सगळ्यांसकट. जे आज अडलेल्या रांगेतलं एक काम आहे, ते उद्या नव्या प्रणालीत अस्सल नोंद म्हणून बसेल, आणि तिथे त्याच्यासमोर अडल्याचा शेराही नसेल. म्हणून नेण्याआधी मोजणी करा, असं माझं म्हणणं आहे. ड्राफ्ट, पब्लिश्ड आणि रिपोर्टिंगमधल्या प्रकल्पांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवा आणि जे एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, त्या प्रत्येकाचं कारण लिहा. कंटाळवाणं काम आहे, आणि ते नव्या मुलाकडे ढकलू नका. कुठलं काम खरंच रद्द झालं होतं हे त्याला माहीत नसतं, जुन्या प्लॅनरला असतं.

आमच्याकडे यासाठी मी एक पानाचा फॉर्म केला आहे. काढायला सांगणारा वेगळा, काढणारा वेगळा, तपासणारा वेगळा, आणि खाली ‘काय ठेवलं, का ठेवलं’ असा रकाना. फॉर्मला विरोध फारसा झाला नाही. भांडण त्या शेवटच्या रकान्यावरून लागलं. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. अकाउंट्सचे काका म्हणतात, तासांचा दर हा हिशेब आहे, त्यामुळे त्या दरासमोरचं नावही आठ वर्षं राहील. लीगलमधली मुलगी म्हणते, हिशेबाला दर लागतो, नाव लागत नाही, तिथे कर्मचारी क्रमांक पुरतो. मला तिचं पटतं. काकांना विचारलं तर ते म्हणाले, “ऑडिटरला क्रमांक दाखवून बघ, तो पहिला प्रश्न विचारेल, हा कोण?” ऑडिट पुढच्या महिन्यात आहे. ऑडिटरलाच विचारायचं ठरलं आहे, तोवर तो रकाना पेन्सिलीनं भरतोय.