कळसूबाईच्या वाऱ्यांत

आमच्या कुपवाडास डोंगरचा वारा ठाऊक नाहीं. वैशाखांत वावटळ उठते, वाळत घातलेलें धोतर शेजारच्या गच्चीवर जाऊन पडतें, घरांत धुरळा येतो, एवढाच काय तो आमचा परिचय. सह्याद्रीनें अडवून घेतल्यावर जो पाऊस उरतो तो आमच्या वाट्यास येतो, वाऱ्याचेंही तसेंच. २०२५ सालीं १५ ऑगस्ट शुक्रवारीं आला, पुढें शनिवार-रविवार लागून आले, आणि मुलांनीं कळसूबाईचा बेत काढला. दोन्ही बिऱ्हाडांचीं मिळून अकरा माणसें निघालीं, त्यांत आम्हीही निघालों. सदुसष्टावें वर्ष चालू आहे, हें सौभाग्यवतींनीं दोनदां ऐकविलें. आम्हीं तें न ऐकल्यासारखें केलें.

कळसूबाई हें महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, म्हणजे जुन्या मापानें ५४०० फूट. पायथ्याचें बारी गांव अकोले तालुक्यांत आहे. तेथें ज्यांच्या घरीं आम्ही रात्रीं उतरलों, त्या आजीबाईंनीं देवीची कथा सांगितली. कळसू ही कोळ्याची मुलगी. केर काढणार नाहीं व भांडीं घासणार नाहीं, या अटीवर ती पाटलाच्या घरीं कामास राहिली. एके दिवशीं घरांत पाहुणे फार झाले आणि भांडीं तिच्या पुढ्यांत आलीं. तीं तिनें घासलीं, आणि जी डोंगरावर निघून गेली ती परतली नाहीं. आमच्या तिन्ही सुना ही कथा फार लक्ष देऊन ऐकत होत्या. आम्हीं विषय बदलला.

पहांटे चढूं लागलों. वाटेवर गर्दी एवढी, कीं जत्राच म्हणावी. कड्याच्या जागीं लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. पहिली चढेपर्यंत नुसता पाऊस होता, दुसरीनंतर वारा सुरू झाला. समुद्रावरून निघालेल्या पावसाळी वाऱ्यास वाटेंत पहिला अडसर सह्याद्रीचाच. तो माथ्यावरून पलीकडे जाऊं लागला म्हणजे चिंचोळ्या वाटेंतून गर्दी निघावी तसा वेग घेतो. वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो, हें गणित पुस्तकांत वाचणें निराळें आणि शिडीच्या मध्यावर अंगावर घेणें निराळें. आमच्या कुपवाडाहून हें शिखर सुमारें अकराशें मीटर उंच, त्यामुळें हवा सात अंशांनीं तरी थंड. त्यांतून अंग भिजलेलें असलें म्हणजे अंगाच्या उबेनें तापलेला हवेचा पातळ थर वारा क्षणाक्षणास ओरबाडून नेतो.

मेघदूतांत भोळ्या सिद्धांगना मेघाकडे पाहून, वाऱ्यानें डोंगराचें शिखरच उचलून नेलें कीं काय, अशी शंका घेतात. चौतीस वर्षें आम्हीं हें स्थळ वर्गांत शिकविलें आणि दर वर्षीं मुलांस सांगितलें, कीं ही कवीची गोड अतिशयोक्ति आहे. शेवटच्या शिडीच्या खालीं आमची छत्री उलटी होऊन धुक्यांत नाहींशी झाली, तेव्हां त्या बायकांविषयीं आमचा आदर वाढला.

तेथेंच धाकट्या नातवानें चिक्की मागितली. नऊ वर्षांचा मुलगा. पण हातांत दिलेला तुकडा त्याला धरतां येईना. दुसऱ्यांदा दिला, तोही पडला. मोठीं माणसें हंसलीं. मधली सून हंसली नाहीं. तिनें त्याला दोन-तीन प्रश्न विचारले. उत्तरें जडशीं, बोबडीं आलीं.

ती म्हणाली, “मामंजी, आपण येथूनच परतायचं.”

“अग, शिडी तेवढी राहिली. देवीच्या दारापर्यंत येऊन मागें फिरायचें?”

“देवी कोठें जात नाही. ह्याच्या जिभेला वळण राहिलं नाही, आणि बोटांत जीव नाही.”

थोरले चिरंजीव म्हणाले, “अण्णा म्हणतील तसं.” सगळे आमच्याकडे पाहूं लागले. आम्ही गप्प राहिलों. विचार करीत होतों असें लिहिणें सोपें आहे. खरें तें हें, कीं आम्हांस राग आला होता. आमच्या घरांत आमच्या आधीं कोणी ठरविल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. आमच्या उत्तराची वाट तिनें पाहिली नाहीं. पोराला पुढें घातलें आणि ती उतरूं लागली. मागोमाग धाकटी, मग मुलें, आणि सर्वांच्या शेवटीं आम्ही.

खालीं एका खडकाच्या आडोशास वारा एकदम थांबला. तेथें तिनें त्याचे ओले कपडे काढले, अंग कोरडें केलें, कानटोपी घातली, पिशवींतली कोरडी शाल गुंडाळून त्याला पोटाशीं घेऊन बसली. हात-पाय चोळूं नका, म्हणून धाकटीस दटावलें. पुढें एका झोपडींत गुळाचा चहा मिळाला. अर्ध्या तासानें पोरानें विचारलें, “शिखर आलं का?” तेव्हां प्रथमच आम्हांस आपले गुडघे कांपत असल्याचें कळलें, आणि तें थंडीनें नव्हे.

वरून भंडारदऱ्याचें पाणी दिसतें म्हणतात. आम्हांस आमच्या पुढच्या माणसाची पाठ दिसली.

सोमवारीं घरीं आलों. सौभाग्यवतींनीं सर्व हकीकत ऐकली आणि विचारलें, “मग परतायचें कोणीं ठरविलें?” आम्हीं सांगितलें, कीं आम्हीं ठरविलें. मधली सून चहा गाळीत होती. तिनें मान वर केली नाहीं. हें मासिक आमच्या घरांत प्रथम तिच्याच हातीं पडतें.